अल्टिमीटर घासू नका, आणि विमान एवढ्यात घेऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी तुम्हाला एक काळं, गोल, तीन काट्यांचं अल्टिमीटर, म्हणजे विमानाची उंची दाखवणारं उपकरण, मिळालं. विकणारा म्हणाला, "साहेब, स्पिटफायरचं आहे." ते खरंच दुसऱ्या महायुद्धातल्या त्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं का, ते चकाचक कसं करायचं, आणि मुळशीकडे थोडी जागा आहे तर सेवेतून गेलेलं एखादं विमानच आणून उभं करता येईल का. मी विमानांच्या इन्स्ट्रुमेंट शॉपमध्ये नोकरी केली आणि नोकरीबाहेर त्याच वस्तूंचा नाद केला, त्यामुळे तिन्हींवर बोलतो. मधल्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण घासायचं काम तुम्ही आज रात्रीच करून बसाल.

ते झोपायच्या खोलीत ठेवलं असेल तर आधी तिथून हलवा. मग चांगल्या उजेडात, काच न उघडता, तबकडीवरचे आकडे आणि काट्यांची टोकं बघा. आकडे पांढरे, सपाट, छापल्यासारखे असतील तर बहुधा साधा रंग आहे. पिवळसर, खाकी किंवा करपलेल्या दुधासारखे तपकिरी दिसत असतील आणि रंगाचा थर जरा उठावदार असेल, तर तो किरणोत्सारी रेडियमचा आहे असं धरून चाला. दुसऱ्या महायुद्धातल्या कितीतरी ब्रिटिश आणि अमेरिकी उपकरणांवर हा रंग आहे. रात्री दिवा न लावता आकडे दिसावेत म्हणून रेडियम आणि झिंक सल्फाइड एकत्र करून तो लावत.

"अंधारात चमकत नाही, म्हणजे त्यातलं रेडियम संपलं" असं बाजारात हमखास सांगतात. चूक. थकतं ते झिंक सल्फाइड. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षं आहे, म्हणजे महायुद्धापासून आजपर्यंत ते जेमतेम तीन-साडेतीन टक्के कमी झालंय. तबकडी काचेमागे बंद आहे तोवर काही अंतरावर ठेवलेल्या एका उपकरणाने घाबरून जायचं कारण नाही. खरा धोका काच काढल्यावर सुरू होतो. ऐंशी वर्षांचा तो रंग बोट लागलं तरी भुकटी होऊन निघतो. ती श्वासातून किंवा जेवणातून पोटात गेली की शरीर रेडियमला कॅल्शियम समजून हाडात बसवतं. शिवाय रेडियममधून रेडॉन वायू निघत राहतो, म्हणून दहा-पंधरा घड्याळं बंद कपाटात भरून ठेवणं हे सर्वांत वाईट. किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर कुणाकडून तरी मागून आणा किंवा विकत घ्या. या नादात तो पान्ह्याच्याही आधी लागतो. काउंटरचा काटा उसळला तर उपकरण जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद करा, वर चिठ्ठी लावा, हवेशीर आणि माणसांच्या वावराबाहेरच्या जागी ठेवा. उघडू नका, कुरिअरने पाठवू नका आणि भंगारवाल्याला तर अजिबात देऊ नका. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्ट-६० चा स्रोत असाच मोडीत आला होता. लोक किरणोत्साराने भाजले आणि एक जण दगावला. रेडियमची तबकडी त्या जातीची नव्हे, पण भंगाराच्या वाटेने काय काय फिरतं हे त्यातून कळतं. बाळगण्याचे आणि विल्हेवाटीचे नियम अणुऊर्जा नियामक मंडळाला, म्हणजे एईआरबीला, लेखी विचारा. त्यांचं मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरलाच आहे.

आता समजा तुमचं उपकरण साध्या रंगाचं निघालं. तरीही घासू नका. हे सांगायचा अधिकार मला एका पापामुळे मिळालाय.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एचटी-२ या विमानाची एक स्विच-पट्टी आली. एचटी-२ म्हणजे बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टचं शिकाऊ वैमानिकांसाठीचं विमान. १९५१ मध्ये पहिल्यांदा उडालं, नाकात १५५ अश्वशक्तीचं सायरस मेजर इंजिन. त्याचे रचनाकार डॉ. विष्णू माधव घाटगे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले, गॉटिंगेनला लुडविग प्रांड्टल यांच्या हाताखाली शिकून आलेले. म्हणजे माझ्या दृष्टीने ती पट्टी देव्हाऱ्यात ठेवायची वस्तू. आणि मी काय केलं? पुढून राखाडी रंग पोपडला होता म्हणून दोन्ही बाजूंनी ओला घासपेपर मारला. मागची बाजू निम्मी झाली तेव्हा लक्षात आलं की हिरव्या प्रायमरवर पेन्सिलीने बारीक काहीतरी लिहिलंय. कन्नड. बहुधा जोडणाऱ्याचं नाव, किंवा नुसतं "तपासलं" असं. हात थांबला तेव्हा शेवटची दोन अक्षरं उरली होती. कन्नड वाचणाऱ्या मित्राला दाखवली. दोन अक्षरांवरून त्यालाही काही लागेना. (एरवी उघड्या ॲल्युमिनियमवर पेन्सिल चालवायची नसते, ग्रॅफाइटमुळे तिथे धातू खाल्ला जातो. त्या गड्याने रंगावर लिहिलं होतं, म्हणजे शिकलेला होता.) ती पट्टी अजून माझ्या टेबलासमोर आहे. पुढून एकदम नवी कोरी दिसते आणि तिच्याकडे बघवत नाही.

खेड्यातल्या मारुतीवरचं शेंदराचं कवच कधीतरी गळून पडतं आणि आतून मूळ मूर्ती निघते, लोक दर्शनाला धावतात. विमानाच्या बाबतीत ते कवचसुद्धा मूर्तीच. वरचा पांढरा थर हा फ्लाइंग क्लबचा, त्याखाली पिवळा प्रशिक्षणाचा, त्याखाली हिरवा-तपकिरी लढाईचा, कधी त्यात जुन्या क्रमांकाचे दोन आकडे. कुठल्या थरापर्यंत जायचं हे ठरवल्याशिवाय घासपेपर हातात घ्यायचा नाही. ठरवता येत नसेल तर जायचंच नाही.

म्हणजे साफ करायचं कसं? मऊ ब्रशने धूळ सैल करायची, व्हॅक्युम क्लीनरच्या तोंडाला मलमलीचा तुकडा बांधून ओढून घ्यायची. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचा एक थेंब, कापूस लावलेली काडी, आणि कोपऱ्यातल्या दिसणार नाही अशा जागी आधी चाचणी. काडी काळी झाली की फेकायची, रंगीत झाली की थांबायचं. पितळ चमकवायची पेस्ट लावायची नाही. आकड्यांच्या खाचांत भरलेला रंग तीच आधी खाते. वैमानिकासमोरची किंवा डोक्यावरची पारदर्शक वस्तू काच नसून पर्स्पेक्स, म्हणजे काचेसारखं प्लॅस्टिक, असेल तर थिनर, पेट्रोल आणि घरातला काच पुसायचा निळा स्प्रे लांब ठेवायचा. त्याने लगेच काही होत नाही, महिनाभराने कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसायला लागतात. पिवळट-हिरवं प्रायमर दिसलं तर ते झिंक क्रोमेट समजायचं आणि कोरडं कधीच घासायचं नाही, त्याची धूळ कर्करोगकारक आहे. सोनेरी झाक असलेल्या जुन्या बोल्टांवर कॅडमियम असतं, त्यांनाही वायर ब्रश मारायचा नाही. जुन्या ब्रेकचे लायनिंग आणि इंजिनजवळची पॅकिंगं ॲस्बेस्टॉसची असतात. एवढं वाचून वाटेल की हा नाद म्हणजे विषांची यादीच आहे. थोडीफार आहेच.

आता "स्पिटफायरचं" या शब्दाकडे येतो. चोरबाजारात, दारूखान्यात, जुन्या बाजारात, जिथे जाल तिथे प्रत्येक काळी तबकडी स्पिटफायरची असते. विकणाऱ्याचा दोष नाही, त्याला माहीत असलेलं ते एकच नाव. पण गंमत अशी की तो अगदीच खोटं बोलतो असंही म्हणता येत नाही. ब्रिटिश हवाई दलाने महायुद्धाच्या तोंडावरच अंध उड्डाणाची, म्हणजे बाहेरचं काही न दिसता उडण्याची, सहा उपकरणं ठरवून एकाच मांडणीत बसवली: वेग, कृत्रिम क्षितिज, चढ-उताराचा दर, उंची, दिशा, आणि वळण-घसरण. हाच संच स्पिटफायरमध्ये, हाच हरिकेनमध्ये, हाच लँकॅस्टरमध्ये. युद्धानंतरही ही उपकरणं गोदामांतून निघून वेगवेगळ्या विमानांत बसत राहिली. एका विमानातून निघालेलं शॉपमध्ये दुरुस्त होऊन दुसऱ्याच विमानात जाई. आम्ही रोज हेच करायचो. तेव्हा "हे कुठल्या विमानाचं?" या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तरच नसतं, आणि विक्रेत्याने छातीठोक उत्तर दिलं तर किंमत वाढवण्यासाठी दिलं असं समजायचं.

उत्तर मिळतं ते "हे काय आहे आणि कधीचं आहे" याचं, आणि ते मागच्या बाजूला असतं. ब्रिटिश असेल तर मुकुटाखाली ए आणि एम ही अक्षरं, म्हणजे एअर मिनिस्ट्री, आणि एक भांडार क्रमांक. क्रमांकाचा पहिला भाग कुठल्या जातीचा माल ते सांगतो: ६ए म्हणजे विमानाची उपकरणं, ५सी म्हणजे वीजसामान, १० ने सुरू होणारे रेडिओचे, २२सी म्हणजे वैमानिकाचे कपडे, गॉगल वगैरे. नंतरच्या काळातल्या मालावर तेरा आकडी नाटो क्रमांक येतो. त्यातले पाचवा-सहावा आकडा देश सांगतात: ०० किंवा ०१ असेल तर अमेरिका, ९९ असेल तर ब्रिटन. तबकडीही बोलते. दाबाच्या छोट्या खिडकीत मिलिबार असतील तर ब्रिटिश वळणाचं, इंचात २९.९२ च्या आसपासचे आकडे असतील तर अमेरिकी. उंची मीटरमध्ये, वेग किलोमीटरमध्ये आणि अक्षरं रशियन असतील तर सोव्हिएत. आपल्याकडे सोव्हिएत माल पुढे वाढत जाणार आहे, कारण मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलातून निवृत्त झालं, आणि त्यातली कितीतरी विमानं आपल्या नाशिकजवळच्या ओझरला बांधलेली. सोव्हिएत कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणारं उपकरण, पहिल्यांदा हातात घेणारा गोंधळतो. आपल्याला सवय असते ती क्षितिज कलण्याची, त्यात क्षितिजरेषा सरळ राहते आणि छोटं विमानच कलतं. बिघडलेलं नाही ते, विचारच वेगळा आहे.

स्क्रूबद्दल एक परिच्छेद खर्च करतो, कारण सर्वांत जास्त वस्तू इथे मरतात. जुन्या ब्रिटिश उपकरणांत बीए नावाचे आटे असतात. तुमच्या उपकरणाचा एखादा स्क्रू हरवलेला असणार, तुम्ही कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे जाणार, तो भोक बघून एम-५ चा स्क्रू देणार. दोन नंबर बीएचा व्यास ४.७ मिलिमीटर, आट्यांतलं अंतर ०.८१. एम-५ चा व्यास ५, अंतर ०.८. म्हणजे अंतर जवळजवळ जुळतं, त्यामुळे स्क्रू पहिले एक-दोन फेरे गोडीने घेतो. मग घट्ट होतो. आपल्याला वाटतं गंज असेल, म्हणून जोर लावतो. त्या जोरात मऊ धातूतले आटे कायमचे फाटतात. स्क्रू बोटाने जात नसेल तर तो त्या भोकाचा नाही. बीएचे स्क्रू जुन्या बाजारात रेडिओ आणि टेलिफोनच्या मोडीतून अजून निघतात, मूठभर दिसले की उचलून ठेवायचे.

आता विमान.

मुळशीला. जिथे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे. अमेरिकेत सेवामुक्त विमानं ॲरिझोनाच्या वाळवंटात ठेवतात ते जागा स्वस्त आहे म्हणून नव्हे, हवा कोरडी आहे म्हणून. १९४४ मध्ये भारतात आलेल्या ब्रिटिश मॉस्किटो विमानांचं उदाहरण आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. लाकडी, डिंकाने जोडलेलं विमान. इथल्या दमट उष्ण हवेत पंखांचे सांधे सुटल्याच्या तक्रारी आल्या, अपघात झाले आणि उड्डाणं थांबवावी लागली. चौकशीत कारखान्यातल्या कच्च्या चिकटकामाचाही वाटा निघाला, पण ते कच्चेपण उघडं पाडलं आपल्या हवेने.

धातूचं विमान घेतलं म्हणजे सुटलो, असंही नाही. ॲल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज येत नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पांढरी भुकटी दिसली तर ती वरवरची असू शकते. पण पत्र्याच्या किंवा स्पारच्या, म्हणजे पंखातल्या मुख्य तुळईच्या, कडेला भिजलेल्या वहीची पानं फुगावीत तसे पदर सुटलेले दिसले, तर आत धातू उरलेला नाही असं समजा. चाकं आणि गिअरबॉक्सची कवचं बऱ्याचदा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असतात. ओळखायची सोपी रीत: कोपऱ्यात रंग खरवडून व्हिनेगरचा थेंब टाका, फसफसलं तर मॅग्नेशियम. त्यावर ग्राइंडर चालवला आणि ठिणगीने भुकटी पेटली तर पाणी ओतू नका, भडका उडतो. कोरडी वाळूच लागते. माझ्या ओळखीच्या एका वेल्डरच्या भुवया यात गेल्या, सुदैवाने फक्त भुवयाच.

लढाऊ विमान मनात असेल तर पहिला प्रश्न आसनाचा. इजेक्शन सीटमध्ये स्फोटक काडतुसं असतात, काही विमानांच्या छतावर काच फोडणारी स्फोटक दोरीही चिकटवलेली असते. जुनं झालं म्हणून ते निकामी होत नाही, उलट बेभरवशाचं होतं. आसन निःस्फोटक केल्याचा कागद हातात आल्याशिवाय कॉकपिटमध्ये बसायचं नाही, पुतण्याला बसवून फोटो तर काढायचाच नाही.

मिळण्याचे मार्ग: सरकारी मोडीचे लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या संकेतस्थळावरून होतात. तिथे तुमची स्पर्धा असते वजनावर भाव लावणाऱ्या भंगार व्यापाऱ्यांशी. तुमच्या डोळ्यांसमोर विमान असतं, त्यांच्या डोळ्यांसमोर टन. लिलावात न जमल्यास त्यांच्याकडूनच पुढे घ्यायला जावं, तर तोवर गॅस कटरने पंख मुळापासून कापलेले असतात. तसलं विमान स्वस्त पडतं आणि घेऊ नये. पंख बोल्ट काढून वेगळे करायचे असतात. स्पार कापला की मग जे करता ते मोडक्या खांद्याला पावडर लावणं. कुठूनही घ्या, विक्रीचा कागद घ्या. लष्करी सामान कागदाविना बाळगणं हा छंद नव्हे, गुन्हा ठरू शकतो.

आणि आणल्यावर? उघड्यावरचं विमान म्हणजे दरवर्षीचं काम. तळाची पाणी निघायची भोकं पालापाचोळ्याने बुजतात आणि पोटात चार महिने पाणी साचतं. वेग मोजायला हवा घेणाऱ्या पिटॉट नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते. हवा घ्यायच्या तोंडात पारवे अंडी घालतात. टायर बसतात म्हणून ठोकळ्यांवर उचलून ठेवावं लागतं. लहान विमानाचं इंजिन काढलेलं असेल तर ते इतकं हलकं होतं की वळवाचा पहिला वारा त्याला उलटं करतो, म्हणून चारी बाजूंनी जमिनीत दोर. चौकाचौकांत उभी केलेली विमानं बघा. जयंतीच्या आधी कुणीतरी ऑइलपेंटचा डबा घेऊन येतं आणि पत्रा, टायर, कॉकपिटची काच, सगळं एका ब्रशने रंगवून जातं. विमान वाचवायचं असेल तर आधी शेड. शेडचा खर्च ऐकून तुमची इच्छा टिकली तर पुढचं बोलू.

टिकलीच, तर मी जेट सुचवणार नाही. पुष्पकसारखं काहीतरी शोधा. हिंदुस्थान एअरक्राफ्टनेच १९५८ पासून फ्लाइंग क्लबांसाठी बनवलेलं, दोन माणसं शेजारी-शेजारी बसणारं, ९० अश्वशक्तीचं. पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि वर कापड. अशा विमानात माणसाला सगळं हाताने कळतं. नळ्या शेपटीकडच्या खालच्या बाजूला आतून गंजतात. टोकदार पंचाने हळू टोचत जायचं, आवाज टणक येतो की बद्द, ते कान सांगतो. पंखाला कापड लावलं की ते फासळ्यांना शिवायचं असतं. मेण लावलेला दोरा आणि गोणी शिवायच्या दाभणासारखी लांबलचक सुई, एक माणूस वर, एक खाली, पंख उभा करून सुई आरपार द्यायची-घ्यायची. दुपारभर केलं की दोघांचं बोलणं बंद होतं, फक्त "आली" आणि "घे". पूर्वी सुती किंवा लिननचं कापड लावत आणि डोप नावाचं रसायन चढवून ते आवळत, ते भलतंच ज्वालाग्राही. आता पॉलिएस्टर मिळतं, ते तापमान मोजून चक्क इस्त्री फिरवून आवळतात. हलगी वाजवणारा आधी ती शेकोटीवर धरतो ना, तेच तत्त्व इथे. इस्त्री फिरल्यावर बोटाने टिचकी मारायची. आधी पोत्यासारखा भसाडा येणारा आवाज हळूहळू चढत जातो, आणि एका क्षणी हलगी बोलते.

हे उडवायचं म्हणाल, तर तो वेगळाच संसार आहे. डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, नोंदणी, उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र, परवानाधारक अभियंत्याची सही, आणि सर्वांत अवघड म्हणजे खंड न पडलेली लॉगबुकं. लॉगबुक नसलेलं विमान म्हणजे सातबारा नसलेली जमीन. कसायला हौस असेल तर कसा, पण तुमची म्हणता येणार नाही. हौशी माणसाने उभं ठेवण्यापुरतं करावं, यात कमीपणा नाही. उडतं कसं करतात ते बघायचं असेल तर हवाई दलाचा परशुराम नावाचा डकोटा, म्हणजे जुनं मालवाहू विमान, बघा. इंग्लंडमध्ये पूर्ण दुरुस्त होऊन २०१८ मध्ये स्वतःच्या पंखांनी भारतात आला. पण त्यामागे मोठी आर्थिक ताकद आणि अख्ख्या हवाई दलाचं पाठबळ होतं.

मोडीतून काय उभं राहू शकतं याचं माझं आवडतं उदाहरण मात्र कानपूरचं. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी तिथे लिबरेटर बॉम्बर टाकून दिली, कुणी वापरू नयेत म्हणून जाताना मोडतोडही केली. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्यातून एकाचं काढून दुसऱ्याला लावत चाळीसच्या आसपास विमानं उडती केली आणि आपल्या हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. आज जगात उरलेल्या मोजक्या लिबरेटरमधली बरीच त्या भारतीय ताफ्यातली आहेत. अमेरिका-इंग्लंडच्या संग्रहालयांत लोक त्यांच्यासमोर फोटो काढतात.

एका गोष्टीत माझं मत कडक आहे. अपघातस्थळावरून काही आणू नका, कुणी आणलेलं विकत घेऊ नका. ७ जुलै १९६२ ला अलितालियाचं डीसी-८ मुंबईला उतरता उतरता जुन्नर भागातल्या डोंगरावर आदळलं, ९४ माणसं गेली. अशा ठिकाणचा पत्र्याचा तुकडा शोकेसमध्ये ठेवणाऱ्याशी मी वाद घालत नाही, फक्त त्याच्याकडे चहाला जात नाही.

त्यापेक्षा आधी बघून या. गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ नौदलाचं विमान संग्रहालय आहे, १९९८ मध्ये उघडलेलं. अंगणात सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे, सी हॉक आहे, अलिझे आहे, आणि घाटग्यांचं एचटी-२ सुद्धा. समुद्राची खारी हवा पत्र्याला काय करते ते तिथे रिव्हेटांच्या ओळींशी डोळा लावून बघा. पुढून फोटो सगळेच काढतात, तुम्ही पोटाखाली वाका. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मारुत हे भारतीय बनावटीचं लढाऊ जेट आहे. दिल्लीच्या पालम संग्रहालयात जगात एकमेव उरलेलं वेस्टलँड वापिटी हे जुनं ब्रिटिश दुपंखी विमान आहे, त्यासाठी वेगळी खेप करायला हरकत नाही.

आणि मधला मार्ग म्हणाल, तर एकच पॅनेल. ती सहा उपकरणं, ब्रिटिश मांडणीत, मागच्या पाट्यांचे क्रमांक जुळवून, एकेक शोधत. मला सहावं मिळायला नऊ वर्षं लागली. वळण-घसरणदर्शक निघालं ते कुर्ल्याला, एका भंगाराच्या दुकानात, वजनकाट्याच्या पाटाखाली ठोकळा म्हणून लावलेलं. दुकानदार काढून देईना, काटा हलेल म्हणाला. शेवटी त्याच उंचीची वीट नेऊन दिली.

तुमच्या अल्टिमीटरला यातलं पहिलं होता येईल. गायगर शांत राहिला तर एवढं करा: मागची पाटी पुसू नका, बाजूने तिरपा टॉर्च मारून फोटो काढा, पुसट क्रमांक तसेच उमटतात. मग खालचं बटण बोटाने फिरतंय का बघा, जोर लावू नका. फिरत असेल तर दाबाच्या खिडकीत १०१३ मिलिबार (इंच असतील तर २९.९२) आणा, टेबलावर ठेवा, काचेवर नखाने हलकी टिचकी मारा आणि काटे वाचा. पुण्यात ते १,८०० ते २,१०० फुटांच्या आसपास थांबायला हवेत, पावसाळ्यात दाब कमी असतो म्हणून थोडं वरच. नंतर एखाद्या रविवारी पिशवीत घालून सिंहगडावर न्या. गडावर काटे सुमारे अडीच हजार फूट चढले तर आतली हवेचा दाब ओळखणारी डबी अजून श्वास घेतेय. फोटो आणि दोन्ही आकडे मला कळवा.